मोटारसायकलची विंडशील्ड

मोटारसायकलची विंडशील्ड म्हणजे मोटारसायकलच्या पुढील भागात, हेडलाइट व वेगदर्शक यांच्या वर बसवलेला वक्र आणि बहुधा पारदर्शक असा प्लॅस्टिकचा फलक होय. समोरून येणारा वारा, पाऊस, धूळ, कीटक आणि पुढील वाहनांच्या चाकांखालून उडणारे खडे यांपासून चालकाचे संरक्षण करणे हे तिचे कार्य आहे. बोलीभाषेत तिला ‘पुढची काच’ किंवा ‘व्हायझर’ असेही म्हणतात. हेल्मेटच्या पुढील झडपेलाही व्हायझर हाच शब्द रूढ असल्याने या लेखात ‘विंडशील्ड’ आणि ‘काच’ हे शब्द वापरले आहेत.

लांब पल्ल्याच्या प्रवासात चालकाच्या छातीवर पडणारा वाऱ्याचा दाब विंडशील्डमुळे कमी होतो व थकवा उशिरा येतो. मात्र चालकाच्या बांध्याशी न जुळणारी काच हेल्मेटभोवती भोवरे निर्माण करते. त्यामुळे डोके सतत हिसकले जाते, नजर अस्थिर होते आणि कानांवर मोठा आवाज आदळतो. या त्रासाला मोटारसायकलस्वार ‘बफेटिंग’ म्हणतात. मराठीत त्यास वाऱ्याचे हादरे म्हणता येईल. काच जितकी उंच तितका वारा कमी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हादऱ्यांचे प्रमाण काचेच्या उंचीपेक्षा तिच्या वरच्या काठावरून सुटलेला प्रवाह चालकाच्या शरीरावर नेमका कोठे पोहोचतो यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच एकाच मोटारसायकलवरील एकच काच एका चालकाला सुखद, तर दुसऱ्याला असह्य वाटू शकते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारसायकलींचा वेग वाढू लागला, तसे वाऱ्यापासून संरक्षण मिळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेत पोलीस दलाच्या आणि लांबच्या प्रवासाच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींवर हँडलला जोडलेल्या मोठ्या, जवळजवळ सपाट काचा बसवल्या जात. या काचांमागे चालकाला वारा लागत नसे, पण वेग वाढल्यावर सुकाणू जड होई.

युरोपात या प्रश्नाचा अभ्यास शर्यतींच्या निमित्ताने झाला. इटलीतील मोटो गुझ्झी या कंपनीने १९५० मध्ये मांदेल्लो देल लारियो येथील आपल्या कारखान्यात वातविवर उभारले. वातविवर म्हणजे कृत्रिम वारा सोडून वस्तूंभोवतीच्या प्रवाहाची चाचणी घेण्याचा बोगदा होय. त्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींना पुढील चाकासह संपूर्ण अग्रभाग झाकणारी आवरणे बसवली जात. बाजूच्या वाऱ्यात अशी मोटारसायकल सावरणे कठीण जाई. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर या आवरणांवर बंदी घातली. समोरच्या वाऱ्यावर केलेला उपाय बाजूच्या वाऱ्यात धोकादायक ठरू शकतो, ही जाणीव पुढील काळातील रचनांमागे कायम राहिली.

१९७१ मध्ये अमेरिकेतील अभिकल्पक क्रेग व्हेटर यांनी ‘विंडजॅमर’ ही फेअरिंग बाजारात आणली. फेअरिंग म्हणजे विंडशील्ड, हेडलाइटभोवतीचे कवच आणि बाजूचे पंख यांचे एकत्रित आवरण होय. विंडजॅमर हँडलऐवजी सांगाड्याला जोडली जात असे आणि जोडपट्ट्या बदलून ती निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारसायकलींवर बसवता येई. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने ‘आर १०० आरएस’ हे प्रतिमान सादर केले. त्याची संपूर्ण फेअरिंग इटलीतील पिनिनफरिना या संस्थेच्या वातविवरात चाचण्या घेऊन घडवली होती. होंडा कंपनीची ‘गोल्ड विंग’ १९७५ मध्ये फेअरिंगविना बाजारात आली. १९८० च्या ‘इंटरस्टेट’ आवृत्तीत मात्र कारखान्यातच फेअरिंग बसवलेली होती. पुढे उंची कमीजास्त करता येणाऱ्या आणि विजेच्या मोटरने वरखाली होणाऱ्या काचा आल्या.

वाऱ्याच्या हादऱ्यांची कारणे

वाऱ्याचा दाब

हवेत पुढे सरकणाऱ्या वस्तूवर पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरल्यास समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि चालकाच्या ०.४ चौरस मीटर क्षेत्रावर पडणारे बल ढोबळमानाने पुढीलप्रमाणे येते. वाऱ्याला सामोऱ्या येणाऱ्या अंगाचा आकार येथे गणिताच्या सोयीसाठी सपाट मानला असून रोधाचा गुणांक १ धरला आहे.

- ताशी ४० किमी: दाब सुमारे ७४ पास्कल, बल सुमारे ३ किलोग्रॅम वजनाइतके
- ताशी ६० किमी: दाब सुमारे १६७ पास्कल, बल सुमारे ७ किलोग्रॅम वजनाइतके
- ताशी ८० किमी: दाब सुमारे २९६ पास्कल, बल सुमारे १२ किलोग्रॅम वजनाइतके
- ताशी १०० किमी: दाब सुमारे ४६३ पास्कल, बल सुमारे १९ किलोग्रॅम वजनाइतके
- ताशी १२० किमी: दाब सुमारे ६६७ पास्कल, बल सुमारे २७ किलोग्रॅम वजनाइतके

शहरातील वेगाला विंडशील्डची गरज फारशी का भासत नाही आणि महामार्गावर ती तीव्रतेने का जाणवते, हे यावरून स्पष्ट होते. समोरून वारा वाहत असेल तर त्याचा वेग वाहनाच्या वेगात मिळवावा लागतो. ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या चालकाला ताशी २० किमीच्या प्रतिकूल वाऱ्यात ताशी १०० किमी वेगाइतकाच दाब सोसावा लागतो.

हा दाब स्थिर असेल तर शरीर त्याच्याशी जुळवून घेते. किंचित पुढे झुकून बसलेल्या चालकाच्या हातांवरील भार तो काही अंशी हलकाही करतो. त्रास मुख्यतः दाब सेकंदाला अनेक वेळा बदलू लागला की होतो.

काठावरून सुटणारे भोवरे

मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकलीच्या समोर येणारी हवा बरीचशी एकसंध असते. ती काचेवर आदळून वर व बाजूंना वळते आणि काचेच्या काठापाशी पृष्ठभागापासून सुटते. काठाच्या बाहेर वेगवान हवा, तर आत काचेच्या आडोशाला जवळजवळ स्थिर हवा असते. या दोहोंच्या सीमेवर पातळ कर्तन-थर तयार होतो. हा थर अस्थिर असल्याने थोड्याच अंतरावर गुंडाळला जाऊन त्याचे भोवरे बनतात आणि एकामागून एक मागे वाहत जातात.

प्रवाहात अडथळा आला की त्यामागे ठरावीक लयीने भोवरे सुटतात. चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंक स्ट्राउहल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांच्या अभ्यासातून या लयीचे गणित मांडले. अशा भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचे सैद्धान्तिक विवेचन थिओडोर फोन कारमान यांनी १९११ च्या सुमारास केले. त्यांच्या नावावरून तिला ‘कारमान भोवरामाला’ म्हणतात. दंडगोलासाठी स्ट्राउहल यांचा अंक सुमारे ०.२ येतो. विंडशील्डचा आकार दंडगोलासारखा नसला, तरी ढोबळ अंदाजासाठी हाच अंक घेता येतो. त्यानुसार ४० सेंमी रुंदीच्या काचेमागे ताशी १०० किमी वेगाला सेकंदाला सुमारे १४ भोवरे सुटतील. हे भोवरे हेल्मेटवर आदळले की डोके त्याच लयीने हिसकले जाते.

हेल्मेट या थराच्या पूर्णपणे खाली असेल तर ते शांत हवेत राहते. ते पूर्णपणे वर असेल तर त्याला जोराचा पण सरळ वारा लागतो. ते नेमके थराच्या वाटेत आले की हादरे सर्वाधिक बसतात. मूळची आखूड काच काढून मध्यम उंचीची बसवल्यावर त्रास वाढल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते, तिचे कारण हेच आहे. पूर्वी छातीवर येणारा थर नव्या काचेमुळे हनुवटीपर्यंत चढलेला असतो.

काचेमागील कमी दाब

काचेच्या पुढे दाब वाढतो, तसा तिच्या मागे तो कमी होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी हवा बाजूंनी आणि खालून, पुढील चाकाच्या काट्यांमधून आणि टाकीच्या कडेने, आत ओढली जाते. ती चालकाच्या छातीवरून वर चढून हनुवटीखाली हेल्मेटला धक्के देते. काही चालकांना पाठीमागून ढकलल्यासारखेही वाटते. काच मोठी आणि खालून पूर्ण बंद असेल तर हा परिणाम ठळक होतो. अनेक आधुनिक काचांच्या तळाशी किंवा मध्यभागी खाच ठेवलेली असते. त्या वाटेने थोडी हवा आत येते, दाबातील फरक घटतो आणि भोवरे सौम्य होतात.

बाह्य कारणे

सर्वच हादरे विंडशील्डमुळे होत नाहीत. ट्रक किंवा बसच्या मागे लांबपर्यंत संक्षुब्ध हवा पसरलेली असते आणि तेथे कोणतीही काच फारशी उपयोगी पडत नाही. हँडलवरील आरसे, हातरक्षक, मोबाइलधारक आणि टाकीवरील पिशवी यांच्यामुळेही प्रवाह विस्कटतो. पुढे झडप असलेली हेल्मेटे वाऱ्याचा झोत सहज पकडतात. सैल हेल्मेट तर सौम्य प्रवाहातही डगमगते.

शरीरावरील परिणाम

मानेचे स्नायू डोके स्थिर ठेवण्यासाठी सतत आकुंचन पावत राहिल्याने काही तासांत मान व खांदे आखडतात. डोके वेगाने हलल्यामुळे दूरच्या वस्तू आणि आरशातील प्रतिमा धूसर दिसतात. थकलेल्या चालकाची प्रतिक्रिया मंदावते, म्हणून हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा परिणाम श्रवणशक्तीवरील होय. महामार्गावरील वेगाला हेल्मेटच्या आत ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठा भाग इंजिनाचा नसून वाऱ्याचा असतो आणि त्याची पातळी ९० डेसिबलच्या पुढे सहज जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांहून अधिक काळ राहू नये. पुढे दर ३ डेसिबल वाढीला ही मर्यादा निम्मी होते, त्यामुळे १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. आवाजाने झालेली श्रवणहानी कायमस्वरूपी असते. योग्य काचेने आवाज कमी होतो, पण चुकीच्या काचेने तो उघड्या वाऱ्यापेक्षाही वाढू शकतो. म्हणून लांबच्या प्रवासात काच असली तरीही कानात फोमचे बोळे घालण्याचा सल्ला दिला जातो.

प्रकार

- लघु काच: वेगदर्शकाच्या जेमतेम वर येणारी. वारा पोटावरून छातीकडे वळवते, डोके मोकळ्या वाऱ्यात ठेवते.
- मध्यम काच: छाती व खांद्यांचा काही भाग झाकणारी. प्रवासी मोटारसायकलींवर सर्वाधिक आढळते. सरासरी उंचीच्या चालकाच्या हनुवटीजवळ थर येण्याची शक्यता हिच्यात अधिक असते.
- उंच काच: नाकाच्या पातळीपर्यंत किंवा त्याहून वर जाणारी. पाऊस व थंडीत सर्वाधिक संरक्षण देते, परंतु उन्हाळ्यात उकाडा वाढवते.
- समायोज्य काच: हाताने, पान्याने किंवा विजेच्या मोटरने उंची अथवा कोन बदलता येणारी.
- जोडपट्टी: मूळ काचेच्या वरच्या काठाला चिमट्यांनी अडकवली जाणारी लहान पट्टी. पट्टी आणि काच यांच्यामधील फटीतून जाणारी हवा काठावरील प्रवाह सावरते. कमी खर्चात प्रयोग करण्यासाठी ती सोयीची असते.

बसवण्याच्या जागेवरूनही दोन प्रकार पडतात. हँडलला जोडलेली काच हँडलबरोबर वळते, त्यामुळे तिच्यावर पडणारा वाऱ्याचा जोर थेट सुकाणूपर्यंत पोहोचतो. सांगाड्याला किंवा फेअरिंगला जोडलेली काच स्थिर राहते आणि सुकाणूवर थेट परिणाम करत नाही. मोठ्या आकाराच्या काचेसाठी दुसरा प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो.

साहित्य

‘काच’ म्हटले जात असले तरी मोटारसायकलच्या विंडशील्ड प्लॅस्टिकच्या असतात. त्यासाठी मुख्यतः दोन पदार्थ वापरले जातात.

ॲक्रिलिक हा पदार्थ स्वच्छ व स्वस्त असतो. तो सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देतो, उन्हाने सहसा पिवळा पडत नाही आणि त्याचे बारीक चरे घासून काढता येतात. मात्र तो ठिसूळ असल्याने जोराच्या आघाताने किंवा स्क्रू अधिक आवळल्याने तडकतो.

पॉलिकार्बोनेट आघात सहन करण्यात ॲक्रिलिकपेक्षा कित्येक पटींनी सरस असते. त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर लवकर चरे पडतात, आणि अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो. म्हणून चांगल्या प्रतीच्या काचेवर कठीण संरक्षक लेप दिलेला असतो. पेट्रोल, ब्रेकचे तेल, अमोनियायुक्त काच-सफाईचे द्रव आणि स्क्रू पक्के करण्याची काही रसायने यांच्या संपर्काने पॉलिकार्बोनेटमध्ये जाळीदार तडे जातात.

जाडीलाही महत्त्व आहे. फार पातळ काच वेगाला थरथरते आणि तिच्या काठाची जागा सतत बदलत राहिल्याने भोवरे वाढतात. गडद रंगाची काच शोभिवंत दिसली, तरी ज्या काचेतून आरपार पाहावे लागते ती रात्रीच्या प्रवासासाठी पारदर्शकच असावी लागते.

निवड

मूळ स्थितीचे निदान

नवी काच घेण्यापूर्वी त्रास कोठून येतो हे ठरवणे आवश्यक असते. त्यासाठी पुढील साध्या चाचण्या रूढ आहेत. त्या मोकळ्या, सरळ व कमी रहदारीच्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना आणि वेगमर्यादेत राहूनच घेतल्या जातात.

१. झुकण्याची चाचणी: स्थिर वेगात असताना चालकाने दोन्ही हात हँडलवर ठेवून पाठ किंचित वाकवावी आणि डोके ५ सेंमी खाली आणावे. आवाज व हिसके एकदम थांबले तर थर हेल्मेटवर येत आहे आणि काच थोडी आखूड आहे.
२. उठण्याची चाचणी: फूटरेस्टवर भार देऊन डोके ५ सेंमी वर न्यावे. त्रास कमी झाला तर काच खाली घेणे किंवा आखूड काच लावणे हा उपाय ठरतो.
३. काच काढून चाचणी: काच सहज सुटणारी असेल तर ती काढून तोच रस्ता त्याच वेगाने पार करावा. वाऱ्याचा जोर वाढला, पण हिसके थांबले, तर दोष काचेचा आहे. काचेविनाही हिसके कायम राहिले तर हेल्मेट, त्याचा आकार किंवा हँडलभोवतीचे साहित्य तपासावे लागते.
४. लोकरीच्या धाग्यांची चाचणी: काचेच्या मागील बाजूस आणि टाकीवर चिकटपट्टीने लोकरीचे लहान धागे लावून शेजारून जाणाऱ्या वाहनातील दुसऱ्या व्यक्तीने त्यांचे चित्रण करावे. धागे सरळ मागे झुकले तर प्रवाह एकसंध असतो, गोल फिरले तर तेथे भोवरा असतो आणि पुढे झुकले तर हवा उलटी वाहत असते.

पहिल्या दोन चाचण्यांतून मिळालेले अंतर हेच नव्या काचेच्या उंचीचे माप ठरवताना उपयोगी पडते.

उंची

चालकाने काचेच्या वरून पाहावे, काचेतून पाहू नये, हा सर्वमान्य संकेत आहे. मोटारसायकलच्या विंडशील्डला सहसा पाणी पुसणारे वायपर नसतात. पावसात थेंबांनी आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या विखुरलेल्या प्रकाशाने काचेतून दिसेनासे होते. नेहमीप्रमाणे ताठ बसल्यावर काचेचा वरचा काठ नाकाच्या किंवा ओठांच्या पातळीत येणे योग्य समजले जाते. काठापासून हवा वरच्या दिशेने सुटत असल्याने थर काठाच्या काही सेंटिमीटर वरून जातो व हेल्मेटचा बराचसा भाग आडोशाला राहतो.

उंची मोजताना चालकाची एकूण उंची पुरेशी नसते. बसल्यानंतर आसनापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर, आसनाची उंची आणि हँडलकडे झुकण्याचा कोन या तिन्हींचा विचार करावा लागतो. नेहमीचे हेल्मेट आणि जॅकेट घालून, मोटारसायकल सरळ उभी धरून हे माप घेतले जाते. काचेची खरेदी पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून करणे सोपे जाते.

दुसरा तितकाच योग्य पर्याय म्हणजे काच मुद्दाम आखूड ठेवणे. काठावरील थर छातीच्या वरच्या भागावर आला, तर शरीराचा बराच भार कमी होतो आणि हेल्मेटला सरळ वारा लागतो. उष्ण प्रदेशात आणि ताशी ८० किमीच्या आसपासच्या वेगाला हा पर्याय अनेकांना अधिक मानवतो. हनुवटीजवळ थर आणणारी मधली उंची मात्र टाळावी लागते.

रुंदी, कोन आणि अंतर

अरुंद काचेच्या बाजूंनी सुटलेले भोवरे खांद्यांवर व हेल्मेटच्या दोन्ही अंगांवर आदळतात, त्यामुळे खांद्यांकडे रुंद होत जाणारा आकार उपयुक्त ठरतो. अति रुंद काच हँडल पूर्ण वळवताना हाताला किंवा आरशाला अडू शकते.

काच जितकी उभी, तितका प्रवाह तीव्र वळण घेतो आणि भोवरे मोठे होतात. मागे कललेली काच प्रवाह हळुवार वळवते. मात्र कलवल्यामुळे वरचा काठ खाली येतो आणि थराची उंची बदलते. काच आणि चालक यांच्यातील अंतर वाढले की थराला पसरण्यास व फुटण्यास अधिक वाव मिळतो. म्हणूनच काच पुढच्या चाकाच्या बाजूला फार दूर असलेल्या उंच साहसी मोटारसायकलींवर हादऱ्यांच्या तक्रारी अधिक येतात. काही मोटारसायकलींवर जोडपट्ट्या बदलून काच चालकाच्या जवळ आणता येते.

तळाशी हेडलाइट आणि काच यांच्यामध्ये काही सेंटिमीटरची फट ठेवल्याने मागील कमी दाबाचा परिणाम घटतो. काचेच्या खालून येणारा वारा अडवण्यासाठी काट्यांच्या बाजूंना लहान पंखही लावले जातात.

बदल करण्याची पद्धत

एका वेळी एकच बदल करून तोच मार्ग, तोच वेग आणि तेच हेल्मेट ठेवल्यास परिणाम कळतो. उंची, कोन आणि हेल्मेट एकाच दिवशी बदलले तर फरक कशामुळे पडला हे समजत नाही. शक्य असल्यास आधी असलेल्या काचेचीच उंची वा कोन बदलावा, मग जोडपट्टी वापरून पाहावी आणि शेवटी नवी काच घ्यावी. मागे सहप्रवासी बसल्यावर किंवा सामान लादल्यावर मोटारसायकलचा पुढील भाग वर उचलला जातो आणि काचेचा कोनही बदलतो. म्हणून प्रत्यक्ष प्रवासाच्या भारासह चाचणी घेणे इष्ट असते.

मर्यादा आणि धोके

मोठी काच बाजूच्या वाऱ्यात शिडासारखे काम करते. पूल ओलांडताना, खिंडीतून बाहेर पडताना किंवा मोठ्या वाहनाला मागे टाकताना मोटारसायकल एकाएकी बाजूला ढकलली जाते. हँडलला जोडलेल्या मोठ्या काचेमुळे वेगाला सुकाणूत थरथर निर्माण होण्याचा संभव असतो. मागे जड टॉप बॉक्स असल्यास तो वाढतो. अशी थरथर जाणवल्यास हँडल घट्ट आवळून न धरता, ब्रेक जोराने न दाबता वेग हळूहळू कमी करावा असे सांगितले जाते.

काचेमुळे हेडलाइट, दिशादर्शक दिवे किंवा क्रमांकाची पाटी झाकली जाऊ नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का आणि ब्रेक व क्लचच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे बसवल्यावर तपासावे लागते. विंडशील्ड हेल्मेटला पर्याय नाही. तिच्यामुळे चेहऱ्याचे अपघातापासून संरक्षण होत नाही.

भारतातील वापर

भारतात मोटारसायकलींआधी स्कूटरवर ॲक्रिलिकच्या काचा बसवण्याची पद्धत होती. कारखान्यातूनच अर्धी फेअरिंग असलेल्या मोटारसायकलींपैकी हिरो होंडा करिझ्मा (२००३) आणि बजाज पल्सर २२० (२००७) या विशेष लोकप्रिय झाल्या. लांबच्या प्रवासाची आवड वाढल्यावर रॉयल एन्फिल्ड हिमालयन (२०१६) आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचर (२०२०) यांसारखी काच असलेली प्रतिमाने आली. यांपैकी केटीएमची निर्मिती पुण्याजवळील चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात होते. तेथेच तयार होणाऱ्या डोमिनार ४०० ला २०२१ मध्ये उंच काचेसह प्रवासोपयोगी साहित्य कारखान्यातूनच मिळू लागले.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गांवर मोटारसायकलींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील लांब पल्ल्याचे मोटारसायकलस्वार मुख्यतः जुना मुंबई-पुणे महामार्ग, पुणे-सातारा-कोल्हापूर मार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग यांवरून प्रवास करतात. या मार्गांवर अवजड वाहनांची संख्या मोठी असून त्यांच्यामागील संक्षुब्ध हवेपासून काच वाचवू शकत नाही. पुरेसे अंतर राखणे हाच उपाय ठरतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारांवर, उदाहरणार्थ पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या साताऱ्याजवळील चाळकेवाडी परिसरात, बाजूचा वारा प्रबळ असतो. अशा ठिकाणी फार मोठी काच गैरसोयीची होते.

हवामानाचाही निवडीवर परिणाम होतो. कोकणातील दमट उन्हाळ्यात उंच काचेमागे घाम वाळत नाही आणि चालक लवकर थकतो. पावसाळ्यात व थंडीच्या पहाटे तीच काच उपकारक ठरते. वर्षभर प्रवास करणाऱ्यांसाठी समायोज्य काच किंवा ऋतूनुसार काढता येणारी जोडपट्टी सोयीची असते.

देखभाल

काच कोरड्या फडक्याने पुसल्यास तिच्यावरील धुळीचेच चरे पडतात. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पुसावे. चिकटलेले कीटक खरवडण्याऐवजी त्यांवर ओले कापड काही मिनिटे ठेवले की सुटतात. पेट्रोल, थिनर आणि घरगुती काच-सफाईचे अमोनियायुक्त द्रव वापरू नयेत. स्क्रूंखाली रबराच्या चकत्या असाव्यात आणि ते बेताने आवळावेत. खडबडीत रस्त्यांवरील प्रवासानंतर ते सैल झाले आहेत का हे पाहावे लागते. चऱ्यांमुळे रात्री समोरचे दिवे पसरट दिसू लागले किंवा स्क्रूच्या छिद्रांपासून तडे सुरू झाले की काच बदलणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

- मोटारसायकल
- हेल्मेट
- वायुगतिकी
- पॉलिकार्बोनेट
- ध्वनिप्रदूषण